समोरचा खेळाडू

संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा परळच्या आमच्या चाळीत भर दुपारीसुद्धा बाप्यांची गर्दी दिसायला लागली. पाळीच नाही म्हटल्यावर गॅलरीत कॅरम आला. माणसं दिवसभर खेळायची, चिडायची, राणीवरून हमरीतुमरीवर यायची. मी तेव्हा गिरणीत नुकताच लागलेला बदली कामगार. पुढे कुठेतरी कारकुनी मिळाली, पण संध्याकाळचा डाव सुटला नाही.

निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला आणि डावांची नोंद ठेवायचा नाद लागला. एका तक्त्यात खेळाडू, दुसऱ्यात डाव, दोन्ही एकमेकांना जोडलेले. बायको असती तर म्हणाली असती, रिकामटेकडे उद्योग. पण मला अर्धवट काम खपत नाही. प्रत्येक डावाला समोरचा खेळाडू निवडलाच पाहिजे, नाहीतर नोंद जतन होणार नाही, असा नियमच मी घालून ठेवला.

मग चाळ पाडायचं ठरलं. पांगण्याआधी सगळ्या सवंगड्यांना एकदा खेळायला बोलवावं, असं फार वाटलं. माझ्याशी कोण कोण खेळलंय ते मशीनला विचारलं. स्क्रीन भरून नावं आली. खाली जावं तितकी येतच राहिली. नीट न वाचताच मी खूश! कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला मोठी ऑर्डर द्यायची, हेही मनात ठरवून टाकलं.

शेजारच्या खोलीतला माझा दोस्त, संपापासूनचा भिडू, रोजच्यासारखा खेळायला आला. चष्मा सरसावून एकेका ओळीवर बोट ठेवत आपल्या मालवणीत वाचायला लागला.

"अरे मेल्या, हो मीच. हो पण मीच. खाली पण मीच!"

खरंच की. जितके डाव तितक्या ओळी, आणि डाव सगळे त्याच्याशीच. बाकीचे कोण विरारला, कोण गावाला, कोण कायमचे गेले, ते मी कॉम्प्युटर घेण्याच्या आधीच. मी ओशाळलो. 'एकसारख्या नोंदी एकदाच दाखवा' या चौकटीत खूण केली. एवढी मोठी यादी गेली आणि एकच ओळ राहिली. मला भडभडून आलं.

तो मात्र माझ्यावरच उखडला. "एकदाच? आणि मी रोज इलंय, त्याचा काय?"

मी खूण काढली. मग दोघांनी दोन वडे आणून खाल्ले आणि डाव मांडला.

चाळ अजून पाडलेली नाही. तो मात्र दिवाळीनंतर कायमचा गेला. त्याच्या खोलीला कुलूप आहे, आणि संध्याकाळ झाली की मला घर खायला उठतं. काल न राहवून बोर्डवर पावडर टाकली आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. राणी त्याच्या बाजूने गेली. नंतर नोंद करायला बसलो, तर समोरचा खेळाडू निवडा म्हणून मशीन अडून बसलं. मग त्याचं नाव निवडलं, आणि जिंकलाही तोच असं लिहिलं.