तांबड्या मशीनमागचा सरवा

गौराबाईला साखरशेत गावात कुणी शेतकरी म्हणत नाही, कारण तिच्याकडे भाताचं शेत नाही. डोंगराच्या अंगाला वरकस जमिनीचा एक तुकडा आहे, तोही असा उभा की नाचणी लावताना एका हाताने दगड धरून ठेवावा लागतो. नाचणी होते, वरी होते. भात होत नाही. भाताला खाचर लागतं, पाणी थांबावं लागतं, आणि गौराबाईच्या जमिनीवर पाणी सोडा, शेळीसुद्धा थांबत नाही. तरी नवरा बुध्या गेल्यापासून बत्तीस वर्षं तिच्या कणगीत भात होतं. ते सगळं सरव्याचं.

कापणी झाली, भारे उचलून खळ्यावर गेले की खाचरात मागे लोंब्या राहतात, दाणे राहतात. तो सरवा. ज्याला खाचर नाही त्याने तो वेचायचा. त्याचीही एक रीत होती. मालकाने बांधावरून "ये गं आता" म्हटल्याशिवाय खाचरात पाय टाकायचा नाही. उभ्या ताटाला आणि बांधलेल्या भाऱ्याला हात लावायचा नाही. आणि मालकानेही पाळायचं ते एकच, की वेचणारीच्या पदरात किती आहे ते बघायचं नाही. पदरात पडलं ते तिचं. परत मागायचं नाही, मोजायचं नाही, विचारायचंसुद्धा नाही.

गौराबाई दोन यत्ता शिकली होती आणि त्यातली एक विसरली होती. पण लोंबी बघून ती सांगायची की कापताना इथे कुणाचा इळा चालला. कापणाऱ्या बायकांत हिरीचा हात घाईचा, तिच्या मागे दर पावलाला काहीतरी पडायचं. सकूचा हात एकदम नेटका. तरी सकूच्या ओळीत कोपऱ्याकोपऱ्याला दोन-दोन लोंब्या पडलेल्या असायच्या, आणि त्या हातातून निसटलेल्या नसायच्या, ठेवलेल्या असायच्या. सकूने ते कधी बोलून दाखवलं नाही, गौराबाईनेही नाही. फक्त सकूच्या घरी बाळंतपण असलं की हिच्या कणगीतले तांदूळ पेजेसाठी पहिले जायचे.

मग कापायला हात उरेनात. इकडे भात पिवळं व्हायला लागलं की तिकडे ठाण्या-भिवंडीचे मुकादम जीप घेऊन मोखाड्याच्या नाक्यावर उभे. तरणी माणसं निघून जायची, आणि मागे राहायचे ते एक तर खोकणारे नाही तर बोलणारे. बोलणाऱ्यांचा एक शेतकरी गट झाला. गटाचा पुढारी चंदू, ओहळाकाठची सगळ्यात सपाट खाचरं त्याचीच. गटाला सरकारी योजनेतून कापणी-मळणीचं एक मशीन मिळणार असं ठरलं. कोणतं घ्यायचं ते मात्र गटाने बघून ठरवायचं होतं.

म्हणून त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दोन कंपन्यांनी आपापलं मशीन टेम्पोतून आणून चंदूच्या खाचराशी उतरवलं. एक तांबडं, एक निळं. दोन्ही रबरी पट्ट्यांवर चालणारी. तांबडं अंगाने मोठं, वर बसायला खुर्ची, खुर्चीवर छत्री, इंजिनाचा आवाज पार पलीकडच्या पाड्यापर्यंत. निळं आपलं बुटकं, त्याला ना छत्री ना डौल.

"निळं म्हंजे कायतरी कुट्टीचं मशीन वाटतंय," हिरी म्हणाली.

"आणि तांबडं?" सकूने विचारलं.

"तांबड्यात बसून लग्नाला जाता येईल."

गावात मशीन कळणारा एकच माणूस होता, तुळशीदास. दहा-बारा वर्षं तो परराज्यातल्या मोठ्या हार्वेस्टरांवर आधी पोऱ्या म्हणून, मग चालक म्हणून फिरला होता. छातीत धूळ भरली तेव्हा परत आला. त्याने छत्रीकडे बघितलंच नाही. तो दोन्ही मशीनांच्या खाली पाठीवर झोपला आणि एकेक करत हात लावून बघत सुटला. कंपनीचे दोघे शर्ट सांभाळत बाजूला उभे.

"निळ्याला ग्रीस मारायच्या जागा सगळ्या भायेरून हायेत," तो उठून चंदूला म्हणाला. "एक पाना घेतला की पोट उघडतं, आतला पेंढा हातानं काढता येतो. तांबड्याचा एक बेल्ट बदलायचा तर आधी अर्धं मशीन सोडवा. आणि वजन बघ त्याचं. ओहळाकडच्या वल्या खाचरात बसलं तर काढणार कोण?"

"अरे पण ताकद बघ ना त्याची," चंदू म्हणाला.

"ताकद रेड्यालाबी असते."

तांबड्या कंपनीचा माणूस हसत म्हणाला, "काका, बोलण्यात काय आहे? सांडतं किती ते बघा. दाणा घरात येतो की जमिनीवर राहतो, त्यावर मशीन ठरतं." आणि सगळ्यांना ते पटलं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी लोखंडी चौकट आणलीच होती, एक हात लांब, एक हात रुंद. दोन्ही मशीनं चालून झाली की ती त्यांच्या मागच्या पट्टीत टाकायची, आणि चौकटीत पडलेले दाणे मोजायचे. ज्याचे कमी ते मशीन चांगलं.

निळं आधी चाललं. चार फेऱ्या मारून त्याने आपली पट्टी कापली. चंदू बांधावर होता, खुशीत होता. त्याने सवयीने हाक दिली, "ये गं काकी!"

गौराबाई टोपली, सूप आणि शिंदीचा कुंचा घेऊन उतरली. निळ्याच्या मागे फिरली, वाकून बघितलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दाणे होते, पण विखुरलेले, इकडे एक तिकडे एक, तिच्या तोंडातल्या दातांसारखे. लोंबी तर एकही नाही. हे मशीन गावात आलं तर तिच्या कणगीत कोळ्यांनी जाळी करायची होती.

मग तांबडं चाललं. त्याच्या मागून पेंढ्याबरोबर दाणे असे गळत होते की गौराबाईला आधी वाटलं, टाकीच फुटली. अर्धवट झोडलेल्या लोंब्या, ढिगानं दाणे. बत्तीस वर्षांत कुठल्या इळ्याने तिला एवढं दिलं नव्हतं. इतक्यात चंदूच्या घरून जेवणाचा निरोप आला. साहेब आणि कंपनीचे लोक पाहुणे, त्यांच्यासाठी गावठी कोंबडा कापला होता. चौकट मशीनवर ठेवून सगळे जेवायला गेले. कोंबडा म्हातारा होता, शिजायला आणि चावायला वेळ लागला.

तेवढ्या वेळात गौराबाईने तांबड्याची पट्टी वेचली. पेंढा झटकला, कुंच्याने माती ओढली, सुपात पाखडली. कुणी तिच्याकडे बघितलं असेल तरी त्याला काही वाटलं नसेल. कापलेल्या खाचरात वाकलेली गौराबाई म्हणजे बांधासारखी, ती तिथे असतेच. तिच्या मनात तरी दुसरं काय होतं? चौकटीचं तिला भानही नव्हतं. दाणे दिसले, हात चालले. पदर भरला तशी तिने तो कमरेला खोचला आणि बांधावर येऊन बसली.

साहेब ढेकर देत आले. निळ्याच्या पट्टीत तीनदा चौकट टाकली. "तेवीस. एकोणीस. सव्वीस." वहीत लिहिलं. तांबड्याच्या पट्टीत टाकली. "सहा." लोक पुढे सरकले. "आठ. पाच."

कंपनीच्या माणसाने आधी स्वतः डोळे मोठे केले, मग टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

तुळशीदास वाजवत नव्हता. तो खाली बसून मातीवरून बोट फिरवत होता. मातीवर कुंच्याच्या रेघा होत्या. त्याने मान वर करून बांधाकडे बघितलं, गौराबाईच्या कमरेकडे, फुगलेल्या पदराकडे. गौराबाईला तेव्हा कळलं काय झालं ते. सगळं कळलं. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण तिने निळ्याची मोकळी पट्टी आठवली आणि पदरावर हात ठेवला. तुळशीदासने नजर दुसरीकडे वळवली.

"मी तरी निळंच म्हणेन," तो एवढंच बोलला.

"का? आकडे बघ की!" चंदू म्हणाला.

"आकडे काय... बघा तुमचं तुम्ही."

तांबडं ठरलं. साहेबांनी सह्या घेतल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांचे अंगठे घेतले. त्या रात्री गौराबाईने नव्या भाताची पेज केली. चांगली झाली होती.

पुढच्या वर्षी कापणीला तांबडं मशीन आलं, हार घालून. चालवायला तुळशीदासच, कारण दुसरं कुणाला येतच नव्हतं. गौराबाई पहाटेपासून चंदूच्या बांधावर, आणि या खेपेला तिने मोठी टोपली आणली होती.

मशीन चाललं आणि गळायला लागलं. पण या खेपेला खाचर ओलं होतं. पट्टे चिखलात रुतत दाणे आत गाडत पुढे गेले, मागच्या पंख्याने त्यावर पेंढ्याचा चुरा उडवला. तरी वर राहिलेलंही कमी नव्हतं. गौराबाईने पाय उचलला.

"काकी, थांब," चंदू म्हणाला.

"तू 'ये' म्हणायची वाटच बघतेय रे."

"नाय, तसं नाय. हातातून सांडतं तो सरवा. हे मशीननं सांडलेलं हाय. हे माझं नुकसान हाय काकी, सरवा नाय." आणि त्याने घराकडे हाक मारली. त्याची बायको वर्षा आणि दोन सुना झाडू घेऊन आल्या. त्यांच्या मागून कोंबड्या आल्या. चिखलातलं जे झाडूला निघालं नाही ते कोंबड्यांनी उकरलं. गौराबाई उन्हं कलेपर्यंत बांधावर बसून होती. मध्ये एकदा वर्षाने तिला पाणी आणून दिलं. तेवढंच.

एका खाचरात झालं ते सगळ्या गावात झालं. मशीनने सगळ्यांचंच सांडवलं, आणि सगळ्यांनीच आपापलं झाडून घेतलं. सकू तर घरीच होती, तिच्या इळ्याला त्या वर्षी काम नव्हतं, मग लोंब्या ठेवणार कोण? बेल्ट तुटला तेव्हा मशीन अकरा दिवस उभं राहिलं. नाशिकहून माणूस यायचा होता, तो येतो येतो म्हणत राहिला, आणि उभं भात आडवं झालं.

गटाने साहेबांना बोलावलं. साहेब आले, मशीनभोवती फिरले, वही काढली.

"हे बघा, गेल्या वर्षी मी स्वतः मोजलंय. सहा, आठ, पाच. मशीन उत्तम आहे. चालवणारा नीट नाही. वेग, पंखा, जाळी, काही जमत नाही त्याला."

सगळ्या माना तुळशीदासकडे वळल्या. तो खोकत होता.

"तरी मी म्हणत होतो," चंदू म्हणाला, "याला आधीपासूनच तांबडं नको होतं. मुद्दाम करतोय हा."

"मुद्दाम?" तुळशीदास म्हणाला.

गौराबाई मागे बायकांत बसली होती. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "साहेब, तुमची चौकट पडायच्या आधी तिथं मी होते."

"म्हणजे?"

"तुम्ही कोंबडा खात होता. मी सरवा वेचत होते. तांबड्याखालचं सगळं माझ्या पदरात होतं. निळ्याखाली वेचण्यासारखं काय नव्हतंच, म्हणून ते तसंच राहिलं. ह्याचा हात चांगला हाय. मशीनच गळकं हाय."

कुणीतरी हसलं आणि एकटंच पडलं, तसं गप्प झालं. साहेबांनी वही मिटली. कागद वर गेले होते, मंजूर झाले होते, आता त्यात बदल होत नाही, असं ते म्हणाले आणि जीपकडे गेले.

चंदू गौराबाईच्या समोर आला. "तेव्हा का नाय बोललीस?"

"खायचं होतं मला."

"किती होतं पदरात?"

सगळ्या बायकांनी मान खाली घातली. सकूने तर तोंडावर पदर धरला. साखरशेतात सरवा वेचणारीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. चंदूच्या बापाने विचारला नव्हता, त्याच्या आज्याने विचारला नव्हता.

"पायलीभर," गौराबाई म्हणाली. "वर दोन मुठी."

"पायलीसाठी गाव बुडवलंस."

खोटं नव्हतं ते.

परतताना चढावर तुळशीदास तिच्या बरोबर चालला. दोघांनाही दम लागत होता, तिला वयाने, त्याला धुळीने.

"तू बघितलं होतंस ना रे तेव्हा?"

"बघितलं."

"मग का नाय बोललास? आज तुझ्यावर आलं."

"काकी, सरव्याच्या पदरात बघायचं नसतं ना," तो म्हणाला. "मी तर आधीच बघून बसलो होतो. वर आणि बोलू?"

आता तांबडं मशीन ग्रामपंचायतीच्या मागे ताडपत्रीखाली उभं आहे. त्याच्या टाकीत चंदूच्या कोंबड्या अंडी घालतात. कापणी पुन्हा इळ्यावर आली, जेवढे हात आहेत तेवढ्यांवर. सकूही कापते. पण आता भारे उचलले की चंदू बांधावर उभा राहून आधी सुनांना उतरवतो, झाडू घेऊन. रीत मोडायला एक प्रश्न पुरला. त्याचंच बघून बाकीचेही तसंच करतात.

गौराबाईची कणगी रिकामी आहे. तिने ती उलटी घालून ठेवली आहे, उंदरांना उगीच आशा नको म्हणून. ती नाचणी खाते. कापणीच्या दिवसांत पहाटे मात्र अजून तिला जाग येते, आणि ती टोपली घेऊन ओहळाकाठच्या बांधापर्यंत जाऊन उभी राहते. हाक येत नाही. मग ती परत फिरते, आणि वाटेत कधी सकूच्या ओळीच्या कोपऱ्यात दोन लोंब्या पडलेल्या दिसतात. ती बघते. उचलत नाही. कुणी बोलावलेलं नसतं ना.