सुपातून काढलेली बाटली

मी काही लिहावे एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. भाषेच्या चुका होतील, त्या वाचकांनी पोटात घालाव्या. जी चूक सांगायला बसलो आहे ती मात्र पोटात घालण्यासारखी नाही, म्हणूनच लिहितो.

आमचे गाव दिवा गावाजवळ, खाडीच्या काठी. वडील गेल्यावर थोरल्या भावाने मिठागरात राबून मला मुंबईच्या कॉलेजात घातले. उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी होतो तेव्हा त्याला रक्ताची हगवण लागली. मी होडीने ठाण्याला जाऊन सरकारी दवाखान्यातून औषध आणले. डॉक्टरांनी बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाले, "बरा झाला की उरलेले मातीत ओत. घरात ठेवू नकोस." मी मान हलवली. मनात म्हटले, अर्धा दिवस वल्हे मारून आणलेले औषध मातीत कसे ओतायचे?

आठवड्याने भाऊ उठला. बाटली अर्धी उरली होती. आमच्याकडे रोगी उठला की त्याचे उरलेसुरले, काढ्याचे मडके, अंगाला लावलेली फडकी, औषध, सगळे सुपात घालून ओहोटीच्या पाण्यात सोडतात. दुखणे पाण्याबरोबर समुद्रात जाते असे म्हणतात. आईने सूप भरले. मी त्यातून बाटली उचलली.

भाऊ हसला. "आयशीच्या सुपात हात घालतंस? हेच शिकवतान काय रं कॉलेजात?"

"दादा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"र्‍हाऊ दे गं आये," तो म्हणाला. "सायेब झालाय आपला."

दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारीण तिची तीन वर्षांची मुलगी घेऊन आली. पोरीला हगवण होती. नवरा मिठागरात गेला होता. मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली, अर्थ सांगितला आणि माझ्या हाताने वीस थेंब मोजून पाण्यातून पाजले. भावाला वीसच देत होतो. चिठ्ठीवर वीस लिहिले होते. वीस कोणाला, ते लिहिले नव्हते.

पोर लगेच झोपली. शेजारीण खूश झाली. दुपारी ती उंबऱ्यात आली तेव्हा मुलगी तिच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. ओठ निळे पडले होते. तिच्या मागून तिचा नवरा आला, मीठ ओढायचे दंताळे घेऊन.

त्याने मला शेंडीला धरून अंगणात ओढले. पोटात लाथ घातली, मग तोंडावर. बाटली शोधून आणली आणि माझ्या दातांवर आपटली. "तू पी! समदी पी, शिकेलसवरेल!" दोन दात पडले. बाटली फुटून काच ओठांत शिरली, औषध मातीत सांडले. माझ्या आईने ती माती उचलून हुंगली.

"अफू हाय ही!" ती ओरडली. आमच्याकडच्या बायका रडक्या पोरांना मोहरीएवढी अफू चाटवतात. तो वास त्यांना ठाऊक असतो. मला नव्हता. आईने मुलीला हिसकावून घेतले आणि फाडकन तिच्या गालावर मारली. पुन्हा मारली. "निजू देव नको! निजली का गेली!" मग पोरीच्या आईबापांनीही तिला मारायला घेतले. बाप तळपायांवर दंताळ्याच्या दांड्याने मारी आणि प्रत्येक फटक्याला स्वतःच ओरडे. पोरीने एकदा डोळे किलकिले केले. पुन्हा मिटले. ते मिटलेले पाहून तो माझ्याकडे वळला.

दंताळे माझ्या डोक्यावर येत होते. भाऊ मध्ये पडला. आठ दिवसांचा उपाशी माणूस. त्याला बाजूला होता आले नाही. घाव कानामागे बसला. तो खाली बसला, पुन्हा उठला, आणि मला होडीकडे ढकलत म्हणाला, "डॉक्टरला आन. तू माघारी येव नको. मारतील तुना."

कानातून रक्त येत होते. ते मी पाहिले, आणि तरी गेलो.

डॉक्टर लगेच निघाले. मला त्यांनी बरोबर घेतले नाही. मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून राहिलो, तोंडाला फडके दाबून. पोर जगू दे, एवढेच म्हणत होतो. दुसरे काही मागायचे मला सुचलेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी स्वतः आला. हात रिकामे होते. मी भिंतीला टेकलो.

"पोर उठली," तो म्हणाला. "पेज प्याली."

मी रडू लागलो. त्याच्या पाया पडायला वाकलो, तर त्याने मला खांद्याला धरून उभे केले. धरलेला हात सोडला नाही.

"तुजा दादूस सकाली गेला," तो म्हणाला. "आता पोलिसांची चौकी कुठं हाय, ती दाखव मना. मना पाटी वाचता येत नाय."