पहिला खांदा

वर्गात सांधे शिकवताना मी फळ्यावर उखळ काढते. गुडघा आणि कोपर बिजागरीचे, दारासारखे एकाच बाजूला उघडणारे. मनगटाची हाडं एकमेकांवर सरकतात. कवटीचे सांधे हलतच नाहीत, आणि आमच्या गावातली काही डोकी पाहिली की ते पटतं. खांदा मात्र उखळीचा. हाडाचा गोल माथा उथळ खोबणीत टेकलेला, म्हणून हात चहूबाजूंनी फिरतो आणि म्हणूनच तो पटकन निखळतो. शिकवताना इथवर आलं की हल्ली मला मळमळतं.

गेल्या शिमग्यात पालखी नाचवताना माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा निखळला. ते मुंबईत लिफ्टदुरुस्तीचं काम करतात आणि गणपतीला नि शिमग्याला गावी येतात. ग्रामदेवतेच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. मागचा माणूस अडखळला, दांडा धरलेला यांचा हात मागे खेचला गेला. चुलत सासऱ्यांनी काखेत पाय रोवून हात ओढला, वर अंडं आणि हळद थापली. तो लेप वाळून असा कुजका वास सुटला की मला घास गिळवेना. नंतर रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खोबणीची कड फाटली आहे, पुन्हा निखळला तर हात डोक्याच्या वर जाईलच असं नाही. लिफ्टच्या कामात हात सदा डोक्याच्या वर. म्हणजे खांदा गेला की नोकरी गेली.

वर्षभर मी फोनवर एकच सांगत राहिले, यंदा खांदा द्यायचा नाही. ते हो हो म्हणायचे.

यंदा पालखी अंगणात आली. मी ओटीचं ताट घेऊन उभी होते. चुलत सासरे तंबाखूची पिंक टाकून सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला नाय जमत तर ऱ्हावंदे. आमचा पोरगा घेल खांदा. मान काय, आमच्या घरात पन शोभंल."

झालं. नवरोबा सदरा काढून दांड्याखाली.

ढोल घुमत होता तरी तो आवाज मला ऐकू आला. शिजलेल्या कोंबडीची तंगडी पिळून काढताना येतो तसा. खांद्याची गोलाई गेली, तिथे चौकोनी कोपरा दिसायला लागला, आणि गळ्याच्या हाडाखाली एक गोळा वर आला. हे खाली बसले, दुसऱ्यांनी पालखी सावरली, आणि लोक ओरडले, पालखीला धक्का लागला का बघा. पालखीला! मला त्या सगळ्या तोंडांची किळस आली.

"अहो, उठा, गाडी बोलावते," मी म्हणाले. ते उठेनात. पहिला खांदा देणाऱ्याने पालखी सहाणेवर, देवीच्या चौथऱ्यावर, टेकल्याशिवाय गाव सोडायचा नाही, ही रीत. चुलत सासरे शेणाने भरलेला पाय काखेत रोवायला पुढे आले, तेव्हा मी ताट खाली टाकून मध्ये उभी राहिले. "हात लावायचा नाही," म्हटलं. ते मागे सरले, पण नवरा काही हलला नाही. पालखी घरोघर नाचत राहिली आणि हे अंगणात लोंबता हात धरून घाम गाळत बसले. मी शेजारी बसून त्या गोळ्याकडे बघत होते.

पालखी टेकल्यावर रत्नागिरीला निघालो. हातखंब्याला गाडी खड्ड्यात आदळली की ते किंचाळत. डॉक्टरांनी सांधा बसवला, एक्स-रे काढला आणि मान हलवली. ऑपरेशन करावं लागेल, पण लिफ्टचं काम आता विसरा, म्हणाले.

बाहेर बाकावर मी रडत होते. झोळीत हात अडकवलेला माझा नवरा जवळ येऊन बसला.

"रडू नुको गो," ते म्हणाले. "डावा हाय ना अजून. फुडच्या शिमग्याला तो देईन."