पुतळीने बुजवलेली फट

धृती हा गुण आपल्या शास्त्रकारांनी धर्माच्या लक्षणांत अग्रस्थानी ठेवला आहे. आपण त्याचा अर्थ बहुधा सहनशीलता असा करतो, आणि तिथे थोडी गफलत होते. सोसणारा मनुष्य कधी कधी केवळ थिजलेलाही असतो. चित्त चहूंकडे पळू पाहत असता त्याला हातातल्या कामाशी बांधून ठेवता येणे, याला मी धृती म्हणतो. ग्रंथांतून तिची वर्णने पुष्कळ वाचली. तिचे सगुण रूप मात्र मला रानशेतच्या पुतळीच्या ठायी आढळले. पुतळीला अक्षरओळख नव्हती.

रानशेत डहाणूच्या पूर्वेस, डोंगरांच्या बाजूला. पुतळी आणि तिचा नवरा झिपरू यांची तिथे भाताची खाचरे होती आणि उतारावर थोडी नागली. झोडणी उरकली की दोघे किनाऱ्यावर रामनाथशेट यांच्या चिकूच्या वाडीत तोडणीला येत. पुतळीने समुद्र प्रथम पाहिला तो तिशी उलटल्यावर. तिला पोहता येत नव्हते, आणि होडीत बसणे तिला मनापासून नावडे.

सन १९५८च्या माघातली गोष्ट. रामनाथशेटची मुलगी नर्मदा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सव्वा महिना झाला, आणि बाळाला घेऊन तिने खाडीपलीकडे सासरी जायचे ठरले. गाडीरस्त्याचा वळसा फार मोठा. म्हणून शेटने स्वतःची होडी काढली. सोबतीला पुतळी, आणि व्याह्यांना भेट म्हणून त्याच सकाळी तोडलेल्या कच्च्या चिकूंची एक टोपली.

ही होडी शेटच्या विशेष प्रेमातली. बागाईतदार माणूस बैलगाडीला जपतो तशी ते तिला जपत. दिवाळीपासून ती धुऊनपुसून, वर पेंढा घालून, छपराखाली कोरडी ठेवलेली होती. किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या धोंडूने ते पाहिले.

“शेट, लाकूड सुकलंय. दोन भरत्या पाण्यात बुडवून ठेवा, फळ्या फुगू द्या, मग जा.”

“अरे, नवरीसारखी जपलीय तिला!” शेट हसले.

“नवरीला घाम फुटेल हो,” धोंडू म्हणाला, आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

खाडीच्या मध्यावर पोचेतो ओहोटी लागली होती. पाण्याची ओढ समुद्राकडे वळली. तेवढ्यात नर्मदेचे पाय ओले झाले. पुढच्या बाजूस, तळाजवळच्या दोन फळ्यांमध्ये वीतभर फट उघडली होती आणि तिच्यातून पाणी आत उसळत होते. शेटने वल्ही आत ओढली, खांद्यावरचा पंचा फटीत कोंबला. पाण्याने तो बाहेर फेकला. पुन्हा कोंबला, पुन्हा तेच. नर्मदेने बाळाला छातीशी आवळले. तिला पोहता येत असे. पण सव्वा महिन्याचे मूल घेऊन कोण पोहणार?

“बाबा, काही तरी करा ना!”

पुतळीने टोपली होडीत उपडी केली, तळाला नर्मदेची घडीची चादर घातली, आणि बाळाला तीत ठेवून टोपली मधल्या फळीवर मांडली. “बाय, तू तांब्यानं पानी उपस. पोराकडं बघू नको, पान्याकडं बघ.” मग ती शेटकडे वळली. “शेट, आतून नको. भायेरून लावा.”

“काय?”

“खेकड्यानं बांधाला भोक पाडलं की आमी पान्याच्या अंगानं बुजवतो. सुक्या अंगानं किती बी माती थापा, पानी ढकलून देतं. इथं पानी भायेर हाय.”

“मी खाली उतरलो तर वल्ही कोण मारणार?”

“बुडाल्यावर कोन मारनार?”

शेटने होडीचा काठ धरला. ते पाण्यात उतरले. पुतळीने आपल्या लुगड्याचा हातभर पदर फाडला. कंबरेच्या कोयत्याने कच्चे चिकू भराभर चिरले आणि त्यांचा चीक, गरासकट, त्या कापडाच्या घडीवर चोळला. हा चीक वाडीतल्या प्रत्येक हाताला ठाऊक. नुसत्या पाण्याने तो सुटत नाही, तेलच लागते. होडीच्या काठावर पोट टेकून, ज्या पाण्याची तिला भीती वाटे त्यावर ती ओणवी झाली आणि ती घडी शेटच्या हातात दिली. त्यांनी बुडी मारून ती फटीवर दाबली. आत शिरू पाहणाऱ्या पाण्यानेच ती घट्ट ओढून घेतली. आतून पुतळीने तशीच दुसरी घडी बसवली आणि तिच्यावर टाच रोवली.

उसळी थांबली. कडेने थेंब झिरपत राहिले, एवढेच.

शेट मागच्या बाजूने वर चढले आणि वल्ही मारू लागले. ओहोटीने त्यांना बरेच खाली ओढले होते. ठरल्या धक्क्याऐवजी होडी चिखलात टेकली. पुतळीने टाच उचलली ती त्यानंतर. नर्मदा गुडघाभर चिखलात उभी राहून रडता रडता हसू लागली. बाळ या साऱ्या काळात झोपले होते, आणि आता भुकेने रडत होते. त्या रडण्याइतका मंगल ध्वनी आपण जन्मात ऐकला नाही, असे शेट पुढे नेहमी सांगत.

त्यांनी पुतळीला नवे लुगडे घेऊन देऊ केले. “घ्या,” ती म्हणाली, “पण काळपट घ्या, शेट. चिकाचे डाग दिसत नाईत.”

पुढे नऊ वर्षे ती तोडणीला येत राहिली. होडीत मात्र पुन्हा बसली नाही. सन १९६७च्या पावसाळ्यात, अल्पशा तापाने, ती रानशेतलाच वारली. तिचे छायाचित्र नाही. झिपरू आणि दोन मुली खाचरे कसतात. टोपलीतले ते बाळ, नर्मदेचा मुलगा, आता अकरा वर्षांचा आहे.