पॅराशूट पाठीवरच ठेवायचं

माझी एक सवय वाईट होती. ग्लायडर उतरून जमिनीवर थांबलं, की मी बसल्याबसल्या सीटचे पट्टे सोडायचो आणि त्याच झपाट्यात पॅराशूटचेही. पॅराशूट सीटवर टाकून मोकळ्या अंगाने बाहेर. सुट्टीत पुण्याला गेलो असताना माझ्या प्रशिक्षकांनी ते पाहिलं आणि एकट्याने उडायची परवानगी तिथल्या तिथे काढून घेतली. ते सैन्यातले, गोड बोलणं त्यांना जमत नसे. म्हणाले, "उद्या हवेत हे मोडलं, तर तुझे हात हेच करणार. पॅराशूट आत आणि तू बाहेर."

पुन्हा परीक्षा डिसेंबरात. तोवर घरी खुर्चीत सराव करायचा: वरची काच उघडायची, सीटचा पट्टा सोडायचा, काठावरून बाहेर पडायचं. पाठीवरच्याला हात लावायचा नाही. आणि घरातल्या कुणीतरी मध्येच ओरडायचं, म्हणजे दचकल्यावरही हात चुकत नाहीत.

घरातलं कुणीतरी म्हणे. परदेशात, नोकरीच्या गावी, बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये मी होतो आणि फ्रिज होता. शुक्रवारी पाया लेबारच्या ऑफिसातून निघालो, की सोमवारपर्यंत कुणाशी बोलणं नाही. आभाळात एकटं असणं मला फार आवडायचं. घरात मात्र तेच एकटेपण खायला उठायचं. आता वर एकटं जायला मिळावं म्हणून खाली दुसरं माणूस हवं होतं. मोबाइलवर गजर लावून पाहिला, पण स्वतःच लावलेल्या गजराला कोण दचकतं?

शेजारच्या चिनी आंटींनी दाराच्या जाळीतून मला पाहिलं. पाठीवर सॅक, कमरेभोवती सूटकेसचा पट्टा, तो खुर्चीला बांधलेला. मला वेड लागलंय असंच त्यांना वाटलं असणार. मी ओशाळून सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर बाजारात जाता-येता त्या कधीही जाळीशी येऊन ओरडायच्या, "आऊट!"

पहिल्या वेळी मी घाईत सॅकही काढली. "डाय ऑलरेडी लाह," म्हणजे मेलास की, असं म्हणून त्या निघून गेल्या.

हळूहळू हात शिकले. आंटीही जरा जास्त वेळ थांबू लागल्या. त्यांचे गुडघे, परदेशातला मुलगा, मी जेवलो की नाही, अशा गप्पा व्हायच्या. ऑफिसातून आल्याआल्या मी लाकडी दार सताड उघडं टाकून बसायला लागलो. त्यांचं पाऊल वाजलं की बरं वाटायचं.

डिसेंबरात मी पास झालो. एकटा वर गेलो, उतरलो आणि पाठीवरच्या ओझ्यासकट बाहेर आलो. प्रशिक्षकांनी नुसती मान हलवली, त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ. कधी एकदा आंटींना सांगतो असं झालं होतं.

परत आलो त्याच संध्याकाळी त्या जाळीशी आल्या. "पास ऑर नॉट? इफ पास, आय नो नीड कम शाऊट ऑलरेडी," म्हणाल्या. पास झालो असेन, तर आता ओरडायला यायची गरज नाही.



"नॉट येट, आंटी," मी म्हणालो.