देवाच्या पायाशी ठेवलेली फ्लॉपी

देव आपल्यावर रुसला आहे, असं मला त्या दिवसांत खरोखरच वाटू लागलं होतं. धुळ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि रुग्णांची नोंद करायचं काम माझ्याकडे होतं. पडद्यावर अर्ज उघडायचा, चौकटींत नाव, गाव, कोणता डोळा, रक्तातली साखर भरायची आणि सगळं फ्लॉपीवर साठवायचं. संध्याकाळी सगळं जागच्या जागी दिसे. सकाळी बघावं तर नाव आहे आणि पुढच्या चौकटी कोऱ्या. कधी नावाचाही पत्ता नाही. दुरुस्तीवाला येऊन यंत्र उघडून, फुंकर मारून, चहा पिऊन गेला. त्याच्यासमोर दिवसभर सगळं सुरळीत चाललं, त्यामुळे खोटी मीच पडले.

माझ्याकडे उपाय एकच होता. असोद्याच्या माझ्या भावाने त्याच्या मेटॅडोरमध्ये असते तशीच गणपतीची इवलीशी मूर्ती मला दिली होती. घरी निघताना फ्लॉपी तिच्या पायाशी टेकवायची आणि म्हणायचं, बाप्पा, सांभाळ. चौकटी जास्त कोऱ्या निघू लागल्या तशी मी फ्लॉपी मूर्तीला अगदी चिकटवून ठेवू लागले. भक्तीत कमी पडत असेन, दुसरं काय!

अशातच पिंपळनेरच्या एक अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या. आमच्या दवाखान्याच्या नेत्रशिबिरात त्यांची तपासणी झाली होती. तिथले कागद आम्ही कॉम्प्युटरच्या भरवशावर रद्दीत टाकलेले. त्यांचं नाव उघडलं तर पुढे सगळं कोरं. डॉक्टर वैतागले. नोंद नसताना मी डोळ्याला हात लावणार नाही, त्यांना पुढची तारीख द्या, म्हणाले. याच कारणाने त्या आधीही एकदा परत गेल्या होत्या. एस.टी. बदलत, लोकांना फलक वाचायला सांगत एकट्या आलेल्या त्या बाईंना परत जा कसं सांगायचं, म्हणून मी ते नाव पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. थोडी बसते, म्हणाल्या. त्यांचा तो शांतपणा बघून मलाच रडू आलं.

उदबत्तीचा वास आला म्हणून त्यांनी विचारलं, इथे देव कोणता? मी सांगितलं. त्या उठल्या आणि चाचपडत मूर्तीच्या पायांना हात लावला. हात मागे घेऊ लागल्या तो येईना. त्यांच्या बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना मूर्तीच्या बुडाला घट्ट चिकटल्या होत्या. अक्का हसल्या.

“बाई, देवनी मना हात धरी लिधा.”

मूर्तीच्या बुडात लोहचुंबक होतं! गाडीत हलू नये म्हणून बसवलेलं. ते फ्लॉपीवरचं पुसतं, हे मला शिकवलेलंही होतं. पण देवाच्या मूर्तीत चुंबक असेल हे डोक्यात आलंच नाही. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते खूप हसले आणि अक्कांची सगळी तपासणी त्याच दिवशी पुन्हा करायला लावली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

चौकटी त्यानंतर कधी कोऱ्या निघाल्या नाहीत. पण माझं मन त्यातच अडकून राहिलं. मी देवावर सोपवते म्हणत होते आणि खरं तर त्याला रात्रपाळीचा राखणदार नेमला होता, वर रोज हिशेबही मागत होते. सोपवणं म्हणजे आपलं काम नीट करून मोकळ्या हाताने घरी जाणं, हे मला अक्कांच्या त्या अडकलेल्या हाताने शिकवलं. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

मूर्ती मी टेबलावरून उचलून पलीकडच्या खिडकीत ठेवली होती. अक्कांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. डोळ्याची पट्टी निघाल्यावर घरी जायला निघालेल्या त्या निरोप घ्यायला दारात आल्या, तिथेच थबकल्या आणि हात जोडले.

“देव आते खिडकीम्हा बठेल शे ना, बाई?”