बारगीरबाबाचं पान

अनसिंगच्या शिवारात भगवंतराव देशमुखांचा मळा होता आणि मळ्यात भाजीपाला लावायला चंपत माळी होता. वर्षभर तो वांग्या-मिरच्यांना पाणी द्यायचा आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर उन्हाळ्यात, एका दुपारपुरता देशमुखांचा पूर्वज व्हायचा.

हा पूर्वज म्हणजे बारगीरबाबा. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळातून तो पार बंगाल्यापर्यंत गेला, गावंच्या गावं लुटली आणि त्या लुटीतून मळ्यातली विहीर बांधली, असं देशमुख छाती फुगवून सांगत. ज्यांची गावं लुटली त्यांनी हीच गोष्ट जरा वेगळी सांगितली असती. पण ते काही अनसिंगच्या बाजाराला येत नव्हते.

आखाजीला पितर जेवू घालायचे तर त्यांच्या जागी जिवंत माणूस पाटावर बसवावा लागतो. बारगीराला शोभेल असा उंचापुरा, झुपकेदार मिशांचा गडी देशमुखांच्या भाऊबंदांत एकही निघेना, सगळे सुपारीएवढे. म्हणून चंपत.

विहिरीजवळच्या आंब्याखाली पंगत बसे. चंपतच्या डोक्याला देशमुखांचा जरीचा फेटा, मांडीवर गंजकी तलवार, पुढ्यात पुरणपोळी, आमरस, कुरडया. एरवी "जी मालक" करणारा चंपत त्या दुपारी दरडावून विचारायचा, "काय रे भगवंत्या, बैलाइले ढेप घालतं का नुसता दम देतं?"

"घालतो, बाबाजी," म्हणत भगवंतराव हात जोडायचे आणि पंगत हसून लोटपोट व्हायची. शेवटी बाबा मागेल ते द्यायचं, अशी रीत होती. चंपत तंबाखू मागायचा, फार झालं तर धोतर.

त्या साली मात्र त्याला दुसरंच काही मागायचं होतं. त्याची बायको गोजराबाई माघात तापानं गेली. लेकरं तर मानमोडीच्या साथीतच गेली होती. गेलेल्या माणसाला पहिल्या आखाजीला पितरांत मिळवलं नाही तर ते दाराबाहेर ताटकळत राहतं, हे चंपतला ठाऊक होतं. गोजरा सवाष्ण गेली, म्हणजे तिच्या जागी सवाष्णच जेवायला हवी. पण त्या दिवशी गावातली बाई न् बाई आपापल्या घरच्या पितरांत गुंतलेली. माळ्याच्या खोपटात कोण येणार? देशमुखांकडे मात्र सवाष्णींची रांगच्या रांग जेवायला बसे. मोट हाकता हाकता चंपतनं बोलणं घोकून ठेवलं.

जेवण अर्ध्यावर आलं. भगवंतरावांनी हात जोडले. "मागा बाबाजी, काय पाह्यजे तुमाले?"

"भगवंत्या," चंपत म्हणाला. पण आवाज काही बारगीराचा निघेना. "बायाइच्या पंगतीत एक सवाष्ण गोजरेच्या नावानं बसव. एक पान. बस."

भगवंतरावांचा चुलतभाऊ पंजाबराव जोरात हसला. "घ्या! बाबाले बंगाला लुटून पुरला नाई. आता आपली पंगत लुटाले बसला!"

सगळे हसले. भगवंतराव हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एकदा भाऊबंदांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली वाकून हळूच म्हणाले, "चंपत, असं कसं जमन बाप्पा? आमच्या पितराइत तुही बायको कशी बसवू? दुसरं काई माग. धोतर माग, लुगडं माग."

वाढलेलं पान तेच होतं, फेटाही डोक्यावर होता. पण बाबाजीचा चंपत होऊन गेला होता.

"लुगडं आता कोनाले नेसवू, मालक?" तो म्हणाला. त्यानं हात धुतले, फेटा उतरवून तलवारीवर ठेवला आणि उठला.

पितर अर्ध्या पानावरून उठला, म्हणजे घराचं काही खरं नाही. भगवंतरावांच्या बायकोच्या, प्रयागबाईंच्या, हातातली पळीच पडली. "बाबाजी, बसा जी! असे उठू नोका!" त्या ओरडत राहिल्या. चंपत तोवर बांधावर पोचला होता.

खोपटात येऊन त्यानं चूल पेटवली. भाकरी एकीकडे जाड, एकीकडे पातळ झाली. भरीत करपलं. पळसाची पत्रावळ मांडून त्यानं सगळं वाढलं आणि रिकाम्या पाटाकडे बघत उभा राहिला. मग उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं आणि स्वतःच गोजरेच्या जागी बसला.

शेजारच्या मळ्यातली म्हातारी रंगूबाई ताक घेऊन आली, तर हे ध्यान. "हे काय सोंग हाय, भाऊजी? मिशीवर पदर!" असं म्हणेस्तोवर तिला ते वाढलेलं पान दिसलं. ताक दाराशी ठेवून ती परत गेली.

गोजरा पहिला घास कशाचा घ्यायची, ते चंपत आठवू लागला. भाकरीचा, की आधी कांद्याचा? काही केल्या आठवेना. आठवणार कसं? ती कायम त्याच्या मागून, त्याच्याच ताटात जेवायची. तोवर तो मोटेवर गेलेला असायचा. तिला जेवताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी त्यानं भाकरीचा एक तुकडा मोडला आणि खाली मान घालून, चव न घेता, सगळं पान संपवलं.